जुना आयफोन: एक्सआर, एसई, अकरा की बारा?

वाचकाचे पत्र

मी चिपळूण तालुक्यातील एका महिला बचत गटाचे हिशेब पाहते. आमचा गट कोकम आगळ, फणसपोळी, आंबावडी आणि सांडगी मिरच्या तयार करतो. बहुतेक मागणी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो आणि छोटे व्हिडिओ पाहूनच येते. माझ्या सध्याच्या अँड्रॉइड फोनवर आगळाचा रंग काळपट येतो, संध्याकाळी काढलेले फोटो धूसर असतात आणि फोन सारखा अडकतो. पुण्याला राहणाऱ्या भाचीने जुना आयफोन घेण्याचे सुचवले आहे, कारण ती स्वतः तोच वापरते आणि अडले तर मला सांगू शकते. खर्चाची मर्यादा २०,००० रुपये आहे. बाजारातल्या दुकानात एसई (२०२०) ६४ जीबी ९,००० रुपयांना, एक्सआर १२८ जीबी ११,००० रुपयांना आणि आयफोन १२, ६४ जीबी, १९,००० रुपयांना आहे. बाराची बॅटरी १०० टक्के असल्याचे दुकानदाराने दाखवले. शिवाय आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांकडे आयफोन ११, १२८ जीबी आहे. ते बिल आणि खोक्यासह १५,००० रुपये मागतात, पण त्याची बॅटरी ७९ टक्के आहे. दुकानदार म्हणतो बारा घ्या, कारण तो ५जी आहे. यजमान म्हणतात एक्सआर आणि अकरा दिसायला सारखेच आहेत, मग चार हजार जास्त कशाला? घेतलेला फोन निदान तीन वर्षे चालावा अशी अपेक्षा आहे. आमच्याकडे दोन सिम कार्डे आहेत, एक बीएसएनएलचे आणि एक जिओचे. काय घ्यावे?

उत्तर

नमस्कार. तुम्ही चारही फोनांची क्षमता, किंमत आणि बॅटरी लिहून पाठवलीत, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. एसई आणि एक्सआर तुमच्या कामासाठी घेऊ नका. अकरा आणि बारा यांपैकी बारा हा अधिक चांगला फोन आहे, परंतु दुकानात तुम्हाला दाखवलेला बारा घेण्याजोगा आहे असे मला वाटत नाही. तो १२८ जीबीचा आणि खात्रीच्या बॅटरीचा मिळाला तरच घ्यावा. तसा मिळाला नाही, तर शिक्षकांचा अकरा किंमत थोडी उतरवून घ्यावा. या मतामागची कारणे सविस्तर सांगतो, कारण उद्या दुकानात पाचवा एखादा फोन समोर आला, तर त्याचाही निर्णय तुम्हाला याच कारणांवरून करता यावा.

यजमानांचा प्रश्न आधी घेतो, कारण तो अगदी रास्त आहे. एक्सआर २०१८ सालचा आणि अकरा २०१९ सालचा. दोन्हींचा पडदा ६.१ इंचांचा, त्याच एलसीडी जातीचा आणि तेवढ्याच बारकाव्याचा आहे, बाहेरचा आकारही जवळजवळ एकच आहे. फरक आत आहे आणि त्यातला सर्वांत मोठा फरक नेमका तुमच्या कामाशी येतो. एक्सआरला मागे एकच कॅमेरा आहे आणि त्यावरचा पोर्ट्रेट मोड, म्हणजे मागची पार्श्वभूमी धूसर करून समोरची गोष्ट उठून दाखवणारी सोय, फक्त माणसाच्या चेहऱ्यावर चालते. आगळाची बाटली किंवा फणसपोळीची चवड समोर ठेवली, तर तो मोड कामच करत नाही. एसई (२०२०) मध्येही हीच मर्यादा आहे. अकराला मागे दोन कॅमेरे आहेत आणि त्याचा पोर्ट्रेट मोड वस्तूंवरही चालतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मागे भांडी आणि पिशव्या दिसत असताना काढलेला बाटलीचा फोटो आणि तीच पार्श्वभूमी धूसर झालेला फोटो यांत ग्राहकाच्या नजरेला जो फरक पडतो, तो चार हजार रुपयांच्या मोलाचा आहे असे मी निःसंकोच सांगेन.

दुसरी गोष्ट कमी उजेडाची. कोकणात पावसाळ्यात दुपारी तीन वाजताही घरात दिवा लावावा लागतो आणि गटाचे पॅकिंगचे काम बहुधा संध्याकाळी, ट्यूबच्या उजेडात चालत असणार. अकरापासून आयफोनमध्ये नाइट मोड आला, ज्यात फोन एक-दोन सेकंद किंवा त्याहून थोडा अधिक वेळ प्रकाश गोळा करून फोटो जुळवतो. बाटल्या हलत नाहीत, त्यामुळे अशा फोटोसाठी हा मोड फारच उपयोगी पडतो. एक्सआर आणि एसई यांत तो नाही. बाराच्या मुख्य कॅमेऱ्याचे भिंग अकरापेक्षा अधिक प्रकाश आत घेते आणि त्यात नाइट मोड रुंद कोनाच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर व सेल्फी कॅमेऱ्यावरही चालतो. म्हणजे अंधूक खोलीत बसलेल्या सर्व बायकांसह मालाचा एकच रुंद फोटो काढायचा असेल, तर तो बारावर अधिक चांगला येईल. एकट्या बाटलीच्या फोटोत मात्र अकरा आणि बारा यांतला फरक ग्राहकाच्या लक्षात येण्याइतका नसतो.

आगळाचा रंग काळपट दिसतो, हे सगळेच तुमच्या सध्याच्या कॅमेऱ्याचे पाप नाही. गडद लाल द्रव पांढऱ्या भिंतीसमोर ठेवला की कोणताही फोन भिंत पाहून उजेड ठरवतो आणि बाटली काळी पडते. बाटली खिडकीजवळ अशी ठेवा की उजेड तिच्या मागून किंवा बाजूने येईल, मग पडद्यावर बाटलीवरच बोट थोडा वेळ दाबून धरा. फोकस आणि उजेड तिथेच स्थिर होतात आणि बाजूला दिसणाऱ्या सूर्याच्या खुणेवर बोट वर-खाली सरकवून रंग हवा तितका उजळता येतो. फोटो तपासताना ट्रू टोन ही सोय बंद ठेवा, कारण ती खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंग पिवळसर करते आणि तुमच्या डोळ्यांना दिसणारा लाल हा प्रत्यक्ष फोटोतला लाल राहत नाही. शिवाय या चारही फोनांत अगदी जवळून फोटो काढण्याचा मॅक्रो मोड नाही. त्यामुळे फणसपोळीचा पोत दाखवायचा असेल तर फोन तिच्यावर टेकवण्याऐवजी एक-दीड फूट मागे घ्या आणि झूम करा.

आता साठवणुकीविषयी, कारण दुकानदार जे सांगत नाहीत त्यात हे पहिले असते. आयफोनमध्ये मेमरी कार्ड घालता येत नाही. विकत घेतला त्या दिवशी जितकी जागा असेल तितकीच शेवटपर्यंत. ६४ जीबीपैकी बरीच जागा फोनची स्वतःची प्रणाली व्यापते, त्यात व्हॉट्सॲपवर येणारे-जाणारे फोटो आणि व्हिडिओ महिन्यागणिक साठत जातात. साध्या १०८० दर्जाच्या व्हिडिओला मिनिटाला साधारण ६० एमबी लागतात आणि ४के दर्जाच्या व्हिडिओला १७० एमबीच्या आसपास. तुमच्यासारख्या रोज व्हिडिओ काढणाऱ्या व्यक्तीचा ६४ जीबीचा फोन वर्षभरात भरतो. मग नवे अपडेट घ्यायलाही जागा उरत नाही आणि काय पुसावे याची रोजची कटकट सुरू होते. आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, फुकट मिळणारी जागा फक्त ५ जीबी आहे. त्याहून अधिक हवी असेल तर महिन्याला भाडे भरावे लागते, ५० जीबीला ७५ रुपये. हे भाडे फार नाही, पण क्लाउडवर फोटो चढवायला चांगले नेटवर्क लागते आणि मोठा पाऊस झाला की तुमच्या भागात तेच आधी जाते. म्हणून ६४ जीबीच्या बारापेक्षा १२८ जीबीचा अकरा तुमच्या कामाला अधिक टिकेल असे माझे ठाम मत आहे. तुमच्यासारख्या वापरात मी मॉडेलच्या आकड्याआधी जीबीचा आकडा पाहतो. व्हिडिओ मात्र १०८० वरच ठेवा, व्हॉट्सॲप तो पाठवताना नाहीतरी आकुंचित करते.

तीन वर्षे टिकण्याचा प्रश्न थोडा अधिक विचार करण्यासारखा आहे. ॲपल दरवर्षी आयओएस या आपल्या प्रणालीची नवी आवृत्ती आणते आणि काही जुने फोन त्यातून वगळते. सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ आली तेव्हा एक्सआर वगळला गेला, तो आयओएस १८ वरच थांबला (१८ नंतर कंपनीने थेट २६ हाच क्रमांक घेतला). त्याला आयओएस १२ पासून १८ पर्यंत एकूण सात आवृत्त्या मिळाल्या. अकरा आणि एसई (२०२०) यांच्यात एकच ए१३ चिप आहे. त्यांना आयओएस २६ मिळाली आणि तीही धरून त्यांच्याही सात आवृत्त्या पूर्ण झाल्या. बाराला अजून सहाच मिळाल्या आहेत. कोणता फोन कधी वगळणार हे कंपनी फार आधी सांगत नाही, परंतु एक्सआरच्या हिशेबाने पाहिले तर अकराची नवी आवृत्ती मिळण्याची मुदत संपत आल्याचे गृहीत धरूनच तो घ्यावा आणि बाराला त्यापेक्षा एखादे वर्ष अधिक मिळेल असे मानावे.

मात्र नवी आवृत्ती मिळणे थांबले म्हणजे फोन निकामी झाला, असा याचा अर्थ नाही, आणि इथे दुकानदार उगाच घाबरवतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यानंतरही बराच काळ येत राहतात. २०१५ सालच्या आयफोन ६एस साठीसुद्धा कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये एक सुरक्षा-दुरुस्ती दिली होती. मे २०२५ पासून व्हॉट्सॲपला किमान आयओएस १५.१ लागते, जी आवृत्ती २०२१ साली आली होती. म्हणजे साडेतीन वर्षे जुनी प्रणालीही त्यांना चालत होती. बँकांची आणि यूपीआयची ॲप्स याबाबतीत थोडी अधिक कडक असतात, पण तीही आदल्या दोन-तीन आवृत्त्यांवर सहसा चालतात. त्यामुळे अकरा आज घेतला तर तीन वर्षांच्या तुमच्या अपेक्षेत तो बसेल असे मला वाटते, परंतु ती मुदत त्याच्या अगदी कडेला आहे हे जाणून घ्या. एक्सआर त्या कडेच्या पलीकडे आहे आणि त्याला नकार देण्याचे हे दुसरे कारण.

एसईबद्दल एवढेच सांगतो की त्याचा पडदा ४.७ इंचांचा आणि बॅटरी या चौघांत सर्वांत लहान, १,८२१ एमएएचची आहे. दिवसभर फोनवर मागण्या घेणाऱ्या माणसाला ती संध्याकाळपर्यंत पुरत नाही. शिवाय तो बोटाच्या ठशाने उघडतो, आणि कोकम-फणसाच्या कामात बोटे ओली किंवा चिकट असली की ठसा लागत नाही. बाकीचे तिन्ही चेहरा ओळखून उघडतात. त्यातही एक बारीक भेद असा की तोंडाला मास्क लावलेला असताना चेहरा ओळखण्याची सोय बारापासून पुढच्या फोनांतच आहे. पॅकिंग करताना तुम्ही मास्क लावत असाल, तर अकरावर प्रत्येक वेळी पासकोड टाकावा लागेल.

५जी हे बारा घेण्याचे मुख्य कारण समजू नका. भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाले आणि आयफोन १२ व त्यापुढच्या फोनांवर ते डिसेंबर २०२२ च्या आयओएस १६.२ पासून चालू लागले. तुमच्या घरात आणि गटाच्या जागेत जिओचे ५जी प्रत्यक्ष येते का, हे शेजारच्या कोणाच्या ५जी फोनवर आधी पाहा. येत असेल आणि तुमच्या पॅकवर ते अमर्याद मिळत असेल, तर रोज व्हिडिओ पाठवणाऱ्याला त्याचा खरा फायदा आहे. येत नसेल, तर फोटो पाठवणे, पैसे घेणे आणि बोलणे यांना ४जी पुरेसे आहे, आणि ५जी शोधत राहणाऱ्या फोनची बॅटरी उलट लवकर उतरते. बाराची बॅटरी (२,८१५ एमएएच) अकराच्या बॅटरीपेक्षा (३,११० एमएएच) मुळातच लहान आहे.

आता त्या १०० टक्के बॅटरीकडे येऊ. बारा हा ऑक्टोबर २०२० मध्ये बाजारात आला. या पिढीतल्या आयफोनच्या बॅटरीची क्षमता ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर मूळच्या ८० टक्के उरेल, असे स्वतः कंपनीचे गणित आहे. वापरलेल्या फोनची बॅटरी इतक्या वर्षांनी १०० टक्के दिसत असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर ती बदलली आहे, किंवा बॅटरीवरच्या छोट्या सर्किटमध्ये फेरफार करून आकडा वाढवला आहे. दुरुस्तीच्या बाजारात त्यासाठीची यंत्रे सर्रास मिळतात. सेटिंग्जमध्ये जनरल आणि त्यात अबाउट उघडा. आयओएस १५.२ पासून तिथे सुटे भाग आणि दुरुस्तीचा इतिहास दिसतो. बॅटरी कंपनीची अस्सल असेल आणि रीतसर बसवली असेल तर तसे लिहिलेले असते, अन्यथा ‘अननोन पार्ट’ असा शेरा दिसतो. अस्सल बदललेली बॅटरी असेल तर तो बारा खरोखर चांगला सौदा आहे. शेरा ‘अननोन’ असेल तर ती बॅटरी किती दिवस टिकेल हे कोणीच सांगू शकत नाही. आणि आकडा १०० टक्के असूनही तिथे बॅटरीची नोंदच नसेल, तर मी तो फोन हातातून खाली ठेवेन. या दृष्टीने शिक्षकांच्या फोनचे ७९ टक्के मला अधिक भरवशाचे वाटतात, कारण तो आकडा वापरलेल्या फोनचा म्हणून पटतो.

याच जागी पडद्याचीही नोंद दिसते. अकरा आणि बारा या दोन्हींत पडदा बदलला असेल तर ते कळते, बारामध्ये कॅमेराही बदललेला असेल तर तेही कळते. एक्सआर आणि एसई यांत फक्त बॅटरीची माहिती मिळते. बाराच्या बाबतीत पडद्याची तपासणी विशेष महत्त्वाची आहे. त्याचा मूळ पडदा ओएलईडी जातीचा, महाग आहे. तो फुटला की अनेक दुकाने स्वस्त एलसीडीचा कॉपी फोल्डर, म्हणजे नकली पडदा, बसवून देतात. असा फोन दुकानाच्या झगझगीत दिव्यात ठीक दिसतो, पण त्यावर काळा रंग राखाडी दिसतो, उन्हात पडदा वाचता येत नाही आणि तुम्हाला आगळाचा खरा रंग कधीच दिसणार नाही. कंट्रोल सेंटरमध्ये, म्हणजे पडद्याच्या वरून उजव्या कोपऱ्यातून बोट खाली ओढल्यावर येणाऱ्या फलकात, उजेडाची पट्टी दाबून धरली की ट्रू टोनचे बटण दिसायला हवे. ते नसेल तर पडदा बहुधा बाहेरचा आहे. अकराचा मूळ पडदाच एलसीडी असल्यामुळे त्यात कॉपीने होणारे नुकसान तुलनेने कमी असते, तरी तपासा जरूर.

या दोन मॉडेलांचे जाहीर झालेले प्रत्येकी एक दुखणे आहे, तेही पाहून घ्या. नोव्हेंबर २०१९ ते मे २०२० या काळात बनलेल्या काही अकरा फोनांत पडद्याला स्पर्श न कळण्याचा दोष निघाला होता आणि ऑक्टोबर २०२० ते एप्रिल २०२१ मधल्या काही बारा फोनांत कानाजवळच्या स्पीकरमधून आवाज न येण्याचा. ॲपलने तेव्हा ते विनामूल्य दुरुस्त करून दिले, पण त्या सवलतीची मुदत खरेदीपासून मोजली जात असे, त्यामुळे आज तुम्ही तिच्यावर विसंबू शकत नाही. अकरावर एखादे ॲपचे चिन्ह बोटाने धरून पडद्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत सावकाश फिरवा. ते मध्येच सुटले तर तिथला स्पर्श मेलेला आहे. बारावरून एक कॉल लावा आणि स्पीकर चालू न करता, फोन कानाला लावून दोन मिनिटे बोला.

चिपळूणला पाण्याबद्दल मी काय सांगावे? २२ जुलै २०२१ च्या पुरात किती घरांतली आणि दुकानांतली चीजवस्तू वाशिष्ठी नदीच्या पाण्याखाली गेली ते तुम्ही पाहिले आहे. पाणी लागलेले फोन वाळवून पुन्हा विकले जातात आणि क्षार आत बसलेला बोर्ड कित्येक महिने चालून मग अचानक बंद पडतो. कागदावर अकरा दोन मीटर आणि बारा सहा मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो असे लिहिलेले आहे, परंतु ते नव्या फोनबद्दल आहे. एकदा उघडून दुरुस्त केलेल्या फोनला तो भरवसा लागू नाही. सिमचा ट्रे काढा आणि त्या फटीत टॉर्चने पाहा. आत एक छोटी पांढरी किंवा चंदेरी खूण असते, पाणी लागले की ती लाल होते. लाल दिसली तर किंमत कितीही कमी असो, फोन घेऊ नका. ट्रे बाहेर आहेच तर त्यावर बारीक अक्षरांत कोरलेला आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांकही वाचून घ्या. तो *#०६# डायल केल्यावर दिसणाऱ्या आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे.

आधी रोमन लिपीतील केवायएम ही अक्षरे, मग एक मोकळी जागा आणि पुढे तोच पंधरा आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरही ही सोय आहे. उत्तरात क्रमांक काळ्या यादीत आहे, दुहेरी आहे किंवा आधीच वापरात आहे असे आले, तर तो फोन चोरीचा अथवा क्रमांक बदललेला असू शकतो. आयएमईआय बदलणे हा तुरुंगवासाची तरतूद असलेला गुन्हा आहे आणि तसा फोन तुमच्याकडे सापडला तर गटाच्या नावाला नाहक डाग लागेल. हप्त्यावर घेतलेला फोन हप्ते शिल्लक असताना विकला जाण्याचे प्रकारही होतात आणि काही वित्तसंस्थांनी असे फोन दूरवरून बंदही केले आहेत. म्हणून मूळ बिल पाहा, आणि बिलात कर्ज दिसत असेल तर ते फिटल्याचा दाखला मागा. शिक्षकांकडे बिल आहे, ही त्या फोनची मोठी जमेची बाजू आहे. पैसे यूपीआयने द्या आणि दोन ओळींची पावती लिहून घ्या, ओळख असली तरी. अशा पावतीने ओळख बिघडत नाही.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याने तुमच्यासमोर स्वतःच्या ॲपल खात्यातून बाहेर पडले पाहिजे आणि मग फोन पूर्ण पुसला पाहिजे. पुसल्यानंतर पुन्हा त्यांचाच ईमेल आणि पासवर्ड मागणारा पडदा आला, तर फोन अजून त्यांच्या नावावर कुलूपबंद आहे, आणि ते कुलूप कोणताही दुकानदार प्रामाणिकपणे उघडू शकत नाही. दुकानातल्या बारासाठी हे विशेष जपून करा, कारण तिथे मूळ मालक समोर नसतो.

दोन सिमांचे असे आहे की या चारही फोनांत एकच प्रत्यक्ष कार्ड बसते आणि दुसरे ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदले जाणारे सिम, असावे लागते. बीएसएनएलचे कार्ड ट्रेमध्ये ठेवा आणि जिओचे ई-सिम करून घ्या. ते जिओच्या दुकानात होते. फोन परदेशातून आलेला असेल तर सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये ‘कॅरियर लॉक’ पुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’, म्हणजे फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला नाही, असे लिहिलेले आहे ना, तेही पाहा.

आता पैशांचा हिशेब. शिक्षकांच्या अकराची बॅटरी ८० टक्क्यांच्या खाली आहे, म्हणजे ती आज ना उद्या बदलावी लागणार हे नक्की. भाचीकरवी पुण्याच्या अधिकृत सेवा केंद्रात अकराच्या बॅटरीचा दर विचारा. तो स्थानिक दुकानापेक्षा बराच जास्त असेल, परंतु तीन वर्षे काढायची असतील तर अस्सल बॅटरीच घाला. तुमच्या २०,००० रुपयांतून तो दर वजा केल्यावर जी रक्कम उरेल, त्याच्या वर शिक्षकांना देऊ नका, आणि हे गणित त्यांना मोकळेपणाने दाखवा. बिलवाला, एका हातचा फोन आणि त्यात नवी अस्सल बॅटरी, हा तुमच्या मर्यादेत बसणारा सर्वांत निर्धास्त पर्याय आहे. दरम्यान दुकानदाराला सांगून ठेवा की १२८ जीबीचा बारा, अस्सल किंवा प्रामाणिक आकड्याच्या बॅटरीसह, २०,००० च्या आत आला तर कळवा. शिक्षक चार-आठ दिवस थांबायला तयार असतील तर तेवढी वाट पाहण्यासारखी आहे, कारण बाराला मिळणारे ते एखादे अधिक वर्ष आणि अधिक चांगला पडदा तुमच्या उपयोगाचा आहे. आंब्याचा हंगाम तोंडावर आला असेल तर थांबू नका, अकरा घ्या. तेवढ्याच पैशांत वॉरंटीसह नवा अँड्रॉइड फोनही मिळेल आणि फक्त बोलणे, पैसे घेणे व हिशेब एवढेच काम असते तर मी तोच सुचवला असता. परंतु संध्याकाळच्या उजेडातले व्हिडिओ आणि अडल्यावर भाचीची मदत, या दोन्हींसाठी तुमचा आयफोनचा विचार योग्य आहे.

फोन घरी आणल्यावर घाईने सुरू करू नका. तुमच्या सर्व जुन्या मागण्या आणि ग्राहकांचे पत्ते अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपमध्ये आहेत, आणि गूगल ड्राइव्हवर ठेवलेला व्हॉट्सॲपचा बॅकअप आयफोनवर उघडत नाही. गप्पा आणायच्या असतील तर अँड्रॉइडवर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप घ्या आणि आयफोन पुसलेल्या, कोऱ्या अवस्थेत असतानाच, पहिल्या जुळणीच्या वेळी, दोन्ही फोन चार्जरला लावून व्हॉट्सॲप त्यातून हलवा. आयफोन एकदा सुरू करून वापरायला लागल्यावर हे करायचे ठरवले, तर तो पुन्हा पुसावा लागतो. सर्व मागण्या नव्या फोनवर नीट दिसेपर्यंत जुना फोन कोणाला देऊ नका आणि त्यातले व्हॉट्सॲप काढूनही टाकू नका.